ऊर्जानगरातला छेरछेरा

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या का चांद्याचं आमचं ऊर्जानगर रिकामं होते. वीज कंपनीच्या बसमध्ये ट्रंका चढते, पोट्टे खिडकीतून हात हालवते, सारे चालले आपापल्या गावाले. आमच्या लाईनीत उघडं राह्यते ते फक्त आमचं क्वार्टर. दरवर्षी. आन दरवर्षी समोरच्या काकू कुलूप लावता लावता विचारते, "तुम्ही नाही जात गावाला?" त्या पुण्याकडच्या. ह्या वर्षी तर त्यायनं आपल्या नवऱ्याले सांगतलं, आन हळू नाई, चांगलं मोठ्यानं: "जातील कुठे? ह्यांना गावच नाही."

मी अंगणात कपडे वाळू घालून राह्यली होती. असं डोकं सनकलं माह्यं! ओला टॉवेल तसाच टाकला अन आत गेली. बाबा जेवत होते.

"बाबा, आपलं गाव कोन्तं?"

"चांदा."

"चांद्याच्या आधी?"

"भाजी वाढ."

झालं. संपलं. बॉयलरवर काम करनारा मानूस, दिवसभर मशीनच्या आवाजात वरडून बोलते, अन घरी गावाचं विचारलं का तोंडाले कुलूप.

पन मले माहीत होतं ना, काहीतरी हाय. आमच्या घरी सकाळी दार लावून बासी खाते. रातचा भात पान्यात भिजवून ठेवायचा, सकाळी मीठ, कांदा, मिरची, बस. थंडगार. मले लई आवडते. पन खाताना दार लावायचं, कोनी बेल वाजवली का भाताचा गंज पलंगाखाली. माह्यी आई पोंभुर्ण्याची, तिच्या माहेरी असं काही नाई. ती म्हनते, "लग्न झालं तवा मले वाटलं, यायच्या घरी गॅस वाचवते." दार काऊन लावते ते तिलेबी माहीत नाई. तिनंच मले हळूच सांगतलं, "वडसाले जाय. फुफूले विचार. मंडईच्या नाटकाले चालली म्हनून बाबाले सांगजो."

फुफू म्हंजे बाबाची मोठी बहीन. आमच्या टायपिंग क्लासातल्या पोरी आत्या म्हनते, आमी फुफू. हेबी काऊन, कधी विचारलंच नव्हतं मी! छोट्या रुळाच्या रेल्वेनं गेली. फुफू मंडईत, म्हंजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, नाटकाच्या तंबूबाहेर मुरमुरे विकते, अन दिवसा घरी भट्टीवर कढईत वाळू तापवून ते फोडते. मी गेली तवा तेच चाललं होतं, तडतड तडतड. मी काकूचं बोलनं सांगतलं. तिनं झारा कढईवर आपटला.

"गाव नाई? हे वडसातल्या मिलचे पोते काय तिच्या बापानं उचलले?"

मंग सांगतच सुटली. आमचे आजोबा-आजी छत्तीसगढातून आले होते, त्या साली पाऊस दगा देऊन गेला म्हनून. इथी राईस मिलमध्ये हमाली भेटली, मिलच्या मांगं टिनाच्या खोलीत राह्यले. फुफू तवा परकर घालनारी पोरगी, बाबा तिच्याहून लहान. पुसची म्हंजे पौषाची पुनव आली. यायच्या गावी त्या दिवशी छेरछेरा. धान घरी येऊन पडलेला असते, मंग सारे लेकरं टोपली घेऊन दारोदार जाते, "छेरछेरा!" म्हनून वरडते, अन घरवाले पसाभर धान टाकते. सारे लेकरं, बरं का. गरिबाचं जाते, मालगुजाराचंबी जाते. त्या दिवशी मागनं म्हंजे मान. जो मांगत नाई त्यालेच लोक विचारते, काऊन रे, बिमार हायस का?

"मंग आमीबी गेलो, नोनी," फुफू म्हने. ती मले नोनीच म्हनते, तिकडं पोरीले तसं म्हनते. "एवढा धान पाह्यला नव्हता कधी. ढीगच्या ढीग. आमाले वाटलं, आपल्या गावी टोपली भरते, इथी तर पोतं भरंल! धुतलेले कपडे घातले, तेल लावलं, व्यापाऱ्यायच्या गल्लीत गेलो. तुह्या बापाचा आवाज असा खनखनीत, दोन गल्ल्या ऐकू जाये."

"मंग?"

"मंग काय. पहिल्याच दारात एका बाईनं शिळी पोळी टाकली टोपलीत. म्हने, हातपाय धड हायेत अन भीक मांगते. तुह्या बापानं पोळी ओट्यावर वापस ठेवली. म्हने, आमी भीक नाई मांगत, छेरछेरा मांगतो. सारी गल्ली हासली."

दुसऱ्या दिवशी शाळेत त्याचं नावच पडलं. छेरछेरा भिकारी. मास्तरबी त्याच नावानं हाक मारे. बाबानं ते शाळा सोडली, मोठा झाल्यावर चांद्याले आला, अन कोनी विचारलं का चांद्याचा.

"पन गाव कोन्तं फुफू? नाव सांग."

तिनं कढईतली वाळू चाळली. "नाई सांगनार. त्यानं गिळलं, त्यालेच काढू दे."

मले रडू यायले पाह्यजे होतं, पन मले राग आला. गाडीत पूर्ण रस्ता राग. एका पोळीच्या पायी आमचं आख्खं गाव गेलं? सन गेला, बोली गेली, बासीलेबी दार लावायची पाळी आली? ज्यायनं पोते उचलले ते बिनगावाचे, अन ज्यायनं ते पोते विकले ते गाववाले? वा रे वा!

घरी आली अन बाबाले सांगून टाकलं, "पुनवेले मी छेरछेरा मांगनार. आपल्या लाईनीत."

बाबा लाल झाले. "माह्या लाईनीत नाई."

"लाईन कंपनीची हाय."

त्यायनं मंग माह्याशी बोलनंच बंद केलं. पुनवेपरयंत अबोला. आई मधात उभी राहून दोघायले वाढे.

पुनवेच्या दिवशी बाबाले सुट्टी होती. म्हंजे पाहनारच होते. मी इस्त्रीचा ड्रेस घातला, तेल लावलं, टोपली घेतली, अन पहिले आपल्याच दारासमोर उभी राह्यली.

"छेरछेरा!"

दोन-तीन क्वार्टरचे पडदे हालले. समोरच्या काकू दारात आल्या, "अगं, हे काय?"

"छेरछेरा!" मी अजून वरडली. आवाज फाटला.

बाबा भायेर आले. बनियनवर. हातात तांदळाचा डब्बा. मले वाटलं आता डब्बा डोक्यात घालते. त्यायनं तांदूळ टोपलीत ओतले, पसाभर नाई, अर्धा डब्बा, अन म्हने, "असं मांजरावानी म्हनते का वं कोनी?"

अन मंग त्यायनं आवाज देल्ला. "छेरछेरा!" बाप रे! लाईनीच्या त्या टोकाचे लोक भायेर आले. बॉयलरवर बाबासंगं काम करनारे वळून पाहून राह्यले. बाबानं माह्या हातातून टोपली घेतली अन सरळ काकूच्या दारात जाऊन उभे राह्यले.

"छेरछेरा, वहिनी."

"म्हणजे काय, भाऊ?"

"आमच्या गावची रीत हाय. आजच्या दिवशी धान मांगते. भीक नाई."

मंग काकू आत गेल्या, वाटी भरून तांदूळ आनले, टोपलीत टाकले अन विचारलं, "कोणतं हो गाव तुमचं?"

बाबानं नाव सांगतलं. साऱ्या लाईनीसमोर. मीबी पहिल्यांदाच ऐकलं.

हे मी टायपिंग क्लासच्या मशीनवर बडवून राह्यली, कार्बन लावून, एक कॉपी फुफूले पाठवाची हाय. गावाचं नाव मुद्दाम नाई टाइप करत. ते बाबानं काढलं, त्यालेच सांगू द्या. ज्याले पाह्यजे त्यानं आमच्या क्वार्टरले यावं. सकाळीच या. आमी बासी खात असतो. दार उघडं असते.