सरपंचाची माय

सरपंचाची माय कधी एक अक्षर टाइप करायची नाही. तिचा यायचा तो आवाज. रात्रीचे अकरा वाजून गेले की मोबाईलमध्ये तिचं बोलणं येऊन पडायचं, त्याच्यामागे मोटारीची घरघर, पाटातलं पाणी, मध्येच एखादी टिटवी. "आले का समदे? आमची लाईट आली बायांनो, आता मी पहाटंपर्यंत हाय." एवढं कानावर पडलं की आमच्या गटातली निम्मी माणसं अंथरुणात उठून बसायची. मी बसलेलीच असायची. तिच्या आधी तासभर येऊन मी सगळ्यांची विचारपूस करून ठेवलेली असायची, पण ते कुणाच्या खिजगणतीत नसायचं.

सरपंच म्हणजे तिचा बोका. आमचा मोबाईलवरचा गट हा मांजरवाल्यांचा. अंबाजोगाईला एका दवाखान्यात रात्रपाळी करणारी एक सिस्टर आहे, तिनं तो सुरू केला. गटाची रीत अशी, की माणसानं आपलं नाव सांगायचंच नाही, मांजराच्या नावानं ओळख द्यायची. मी केजची. माझी मांजरी शेवंता, म्हणून मी शेवंताची आजी. आमच्या ह्यांना कमी ऐकू येतं आणि ते नऊला झोपतात. मुलगा-सून पुण्याला. मला वयामुळं म्हणा की सवयीमुळं म्हणा, रात्री दोनशिवाय डोळा लागत नाही. तर त्या दोन वाजेपर्यंत माझं जे काही गणगोत होतं, ते हा गट. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं मी जशी वागले त्याचा फार राग यायचा नाही.

सरपंचाची माय आष्टीकडची. तिच्या शेताची लाईट एक आठवडा दिवसा यायची, एक आठवडा रात्री. मालकाला रातांधळं, त्यामुळं रात्रीचं पाणी हिच्याकडं. एक वाफा भरेपर्यंत बांधावर बसायचं, भरला की उठून पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवायचं. त्या बसण्याच्या वेळात ती आमच्याशी बोलायची, आणि सरपंच म्हणे शेजारी बांधावर उंदराच्या बिळावर नजर ठेवून असायचा. सिस्टरनं पहिल्याच रात्री तिला विचारलं, बोक्याला असलं नाव कावून ठेवलं? तर म्हणाली, "सात घरी जेवतोय, काम एका बी घरी करीत न्हाई, आन् कुनाकडं काय बी कार्य असू द्या, पयला हजर. मंग काय नाव ठेवावं तुमीच सांगा." आणि वर, "आमचा बिनविरोध हाय बरं का." गटात त्या रात्री हसण्याच्या पिवळ्या तोंडांची रांग लागली. मी मोजली नाहीत, पण माझ्या कुठल्याही बोलण्यावर तेवढी कधी आली नव्हती हे मला मोजल्याशिवाय कळलं.

मी सातवी शिकलेली. बाकी जे काही वाचलं-लिहिलं ते माझं मी. मोबाईलवर मराठी टाइप करायला मी एका बोटानं शिकले, आणि काना-मात्रा, पूर्णविराम सगळं जागच्या जागी देते. त्याचा मला अभिमान होता, अजूनही आहे. एकदा अंबाजोगाईला शिकायला राहणाऱ्या एका पोरीचं पिल्लू दूध पीत नव्हतं, नुसतं गारठून पडलेलं. ती रडकुंडीला येऊन गटात विचारत होती. मी लिहायला घेतलं: दुधात चिमूटभर हळद, ओव्याचं पाणी, पोटाला शेक, सगळं नीट, क्रमवार. माझा मजकूर जाईपर्यंत वर मायचा आवाज येऊन बसलेला. "पोरी, दूध ठिव बाजूला. गार पिल्लाच्या पोटात दूध जिरत न्हाई. आधी बाटलीत गरम पानी भर, फडक्यात गुंडाळ, आन् त्याच्या पाठीशी लाव. अंग ऊन झालं की त्येच मागंल." सिस्टर म्हणाली, मायचं बरोबर आहे. अर्ध्या तासात पिल्लू चाटायला लागल्याचा फोटो आला. माझा तो क्रमवार मजकूर खाली तसाच पडून होता, त्याला कुणी अंगठासुद्धा दाखवला नाही. तेवढ्यात माय म्हणाली, "आजीचं बी बरोबर हाय, हळद मागनं देता येती." मला सांभाळून घेतलं तिनं. झोंबलं ते हेच.

तिच्या दिवसाच्या लाईटचा आठवडा असला की ती रात्री यायची नाही. त्या आठवड्यात गट मला परत मिळायचा असं मी धरून चालायचे, आणि रोज कुणीतरी विचारायचं, "माय कुठंय? मायशिवाय करमत नाही." आता मी तिथंच होते की. मग एकदा मी ठरवलं की आपणही दोन रात्री बोलायचं नाही. बघू कोण विचारतं. पहिल्या रात्री कुणी विचारलं नाही. दुसऱ्या रात्री नाही. मी आपली अंधारात मोबाईल उघडून सगळ्यांचं वाचत पडलेली. तिसऱ्या रात्री मायची लाईट आली आणि तिनं आल्या आल्या विचारलं, "शेवंताच्या आजी दिसंनात? त्यायचं बोलनं लई दिस ऐकलं न्हाई." सगळ्या गटात तिलाच तेवढी माझी आठवण. मी उत्तर दिलं, "जरा पाहुणे होते." घरात चिटपाखरू नव्हतं.

गटाचा एक नियम मात्र माझा होता. बारा वाजले की हजेरी. ज्याचं मांजर जिथं झोपलं असेल तिथला त्या वेळचा फोटो टाकायचा, आणि मग ज्याला झोपायचं त्यानं झोपायचं. ज्याचं मांजर गेलं, त्याचं आम्ही दहा दिवस दुःख करायचं आणि अकराव्या दिवशी सिस्टरनं त्याला गटातून मोकळं करायचं. पुन्हा मांजर आणलं की परत यायचं. हा नियम मी हट्टानं करून घेतला होता. कारण एक रिटायर कंडक्टर होते, त्यांची चिंगी गेली, तरी ते रोज सकाळी फुलांचे फोटो आणि सुविचार टाकत बसायचे. मी सिस्टरला म्हटलं, मांजर नाही तर माणूस कशाला? सिस्टर मनानं मऊ, पण माझं ऐकलं. कंडक्टर जाताना एवढंच लिहून गेले, "बरं आहे." मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

संक्रांतीच्या आधी माझी शेवंता गेली. म्हातारी झाली होती. दोन दिवस कणगीच्या मागं बसून राहिली, तिसऱ्या दिवशी सकाळी हात लावला तर गार. ह्यांनी पेरूच्या झाडाखाली खड्डा केला, मी माझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा दिला. दिवसभर मी रडले. रात्री बारा वाजता हजेरी सुरू झाली, एकेकाचा फोटो यायला लागला, आणि माझ्या मनात एकच आलं: आजपासून दहा दिवस, आणि मग मीही "बरं आहे" लिहून बाहेर. रात्रीचे ते चार तास मी काय करायचं? छताकडं बघायचं? मी मोबाईलमधला उन्हाळ्यातला एक फोटो शोधला आणि टाकून दिला. खाली लिहिलं, "आज रुसलीय, दूध प्यायली नाही."

खोटं एकदा बोललं की दुसऱ्या दिवशी त्याला खाऊ घालावं लागतं. मी रोज जुना फोटो टाकायला लागले. शेवंता कधी ओट्यावर, कधी टेबलफॅनच्या पुढं पसरलेली. आठ-दहा दिवस गेले. एका दुपारी अनोळखी नंबर वाजला. उचलला तर तोच आवाज, फक्त मागं मोटार नव्हती.

"आजी, मी सरपंचाची माय. गटातनं नंबर घेतला तुमचा. एकल्याच हाव ना?"

म्हटलं, "हो. का गं?"

"काय न्हाई. एवढ्या थंडीचं तुमी पंखा लावून निजता व्हय?"

मला कालचा फोटो आठवला, टेबलफॅनच्या पुढं पसरलेली शेवंता.

"शेवंता गेली नव्हं?"

"हो."

"कदी?"

"संक्रांतीच्या आधी."

मला वाटलं आता ही म्हणेल, खोटं कावून बोलला? किंवा म्हणेल, सिस्टरला सांगते. सांगायला हवंही होतं. तिच्या जागी मी असते तर सांगितलं असतं, हे मी आज तुमच्यापुढं कबूल करते. तर ती म्हणाली, "मंग पंखा दिसंल असला फोटू टाकू नका. पांघरुनातला हाय का एकांदा? गोधडीतला? तसले चार-पाच काढून ठिवा. उलटसुलट टाका. मांजर समदी सारखीच निजतेत, कुनाला कळत न्हाई."

त्याच रात्री सिस्टरनं मागचे फोटो वरखाली केले असावेत. तिनं सहज विचारलं, "आजी, कालच्या फोटोत पंखा चालू होता का हो?" मी काही लिहायच्या आत मायचा आवाज आला, "आगं केजला चोवीस तास लाईट हाय, ती मिरवाया लागल्यात आजी. आमाला जळवायला." सगळे हसले आणि विषय गेला.

माणसानं यावर काय करावं? तिचे पाय धरावेत. मी मात्र तेव्हापासून तिच्यावर अधिकच जळायला लागले. आधी ती नुसती माझी जागा घेऊन बसली होती. आता ती माझ्या जागेची राखणदारही झाली होती. गटात मी आहे ती तिच्या मर्जीनं, असं वाटून मला अन्न गोड लागेना. ती काही बोलायला लागली की मी जीव मुठीत धरून ऐकायची, आता सांगते की मग सांगते. ती कधीच सांगायची नाही. मध्येच एखाद्या रात्री म्हणायची, "आजी, आज शेवंताची गोधडी नवी दिसती," मुद्दाम उलटं बोलायची, म्हणजे मला कळावं की फोटो आधी येऊन गेलाय, बदला. आणि पुढं लगेच कुणाच्या तरी मांजराच्या खरजेवर बोलायला लागायची. चूक काढायची तर हिची कुठं काढावी, म्हणून मी महिनाभर शोधलं. एवढंच सापडलं की ती जेवताना बोलते, आणि मिरची चावल्याचा आवाज येतो.

उन्हाळा लागायच्या सुमाराला एका रात्री तिचा आवाज आला तो नेहमीपेक्षा हळू. "बायांनो, आमचा सौर पंप बसला आज. आता पानी दिवसा. रातीला शेतात यायचं काम सरलं." सगळ्यांनी हात जोडले, फुलं टाकली. मग ती म्हणाली, "म्या लगीन होऊन आले तवापून धड निजले न्हाई. आता निजते. तुमी बोला. कुनाचं मांजर आजारी पडलं तर शेवंताच्या आजीला इचारा, त्यायला समदं ठाव हाय." आणि खाली बारीक अक्षरात दिसलं की ती गटातून गेली.

मला जे हवं होतं ते सगळं मिळालं. दुसऱ्या रात्री बारा वाजता हजेरी आली आणि मी गोधडीतला फोटो काढला. पण तो पाठवताना हात चालेना. माझं खोटं दोघींचं होतं तोवर ते मला पेललं. आता ते माझ्या एकटीचं झालं होतं, आणि ते ओळखून गप्प बसणारं तिथं कुणी नव्हतं. मी फोटो ठेवून दिला आणि एका बोटानं लिहिलं, पूर्णविरामासकट: "शेवंता संक्रांतीच्या आधीच गेली. मी रोज जुने फोटो टाकत होते. नियम माझाच आहे. मला काढा."

मग सिस्टरचा निरोप आला. "आजी, माय जायच्या आधी मला फोन करून गेली. म्हणाली, जाताना एकच मागते, मांजर गेलं म्हणून माणसाला काढायचा नियम मोडा. मी विचारलं, कुणासाठी? तर म्हणाली, कुणासाठी नाही, आपलं असंच. मी कालच मोडला. कंडक्टरकाकांना उद्या परत घेते."

मायनं माझं नाव घेतलं नव्हतं. एवढं करून गेली आणि त्यातही माझ्याकडं बोट दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला फोन लावला. आभार मानायचे होते, आणि खरं सांगायचं तर, मी सगळ्यांपुढं खरं बोलले हे तिला कळावं अशी हौसही होती. फोन एका पोरीनं उचलला. म्हणाली, "आई निजलीय. दिवसा बी निजती, राती बी निजती. लई दिसाचं राहिलंय म्हनती. उठवू का?"

म्हटलं, नको, राहू दे.

त्याला आता वर्ष होईल. मी तिला कधी पाहिलं नाही, तिचं नाव मला माहीत नाही, ती वाटेत समोर उभी राहिली तरी मला ओळखू यायची नाही. गटात आता सगळे मलाच विचारतात. गारठलेलं पिल्लू असलं की मी सांगते, दूध ठेव बाजूला, आधी ऊब दे. पोरी म्हणतात, आजी, तुम्हाला किती माहीत आहे. मी गप्प बसते; कुणाचं ते सांगायला हवं, ते अजून माझ्या तोंडून निघत नाही. दोन वाजले की सिस्टर तिच्या वॉर्डात जाते, बाकीचे एकेक करून झोपतात, आमचे हे केव्हाचे घोरत असतात. मी एकटी जागी असते. तिकडं आष्टीकडं कुठल्याशा शेतातल्या घरात ती पाय पसरून गाढ झोपली असेल, पायाशी तो बिनविरोध बोका. तिच्या त्या झोपेचाही मला हेवा वाटतो.