तराफ्यावरचा जबाब

त्या प्रकरणाची फाइल बंद होऊन बराच काळ लोटला, तरी त्यातले बाप-लेक माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

करोनाच्या काळात धंदे तगावेत म्हणून सिंगापूर सरकार मालकांना कामगारांच्या पगाराचा काही भाग देत होतं. अट एकच, कामगार स्थानिक हवा. भाजीचे मळेवाले, मासे पाळणारे, सगळ्यांनी ही मदत घेतली. मी तेव्हा आर्थिक गुन्ह्यांच्या तपासावर होतो. उत्तर किनाऱ्याला, सेम्बावांगच्या बाजूला, समुद्रात तरंगत्या तराफ्यावर मासे पाळणाऱ्या एका मराठी गृहस्थाबद्दल फोनवर खबर आली: मुलगा कामाला दाखवलाय, पण तो तराफ्यावर कधी दिसत नाही. खबर देणाराही मासे पाळणाराच होता. खबर बहुतेक वेळा त्याच धंद्यातून येते.

मालक जहाजावरचे निवृत्त इंजिनियर. मी मराठी आहे हे कळताच त्यांचा चेहरा खुलला, माझा पडला. आपल्या माणसाची चौकशी म्हणजे डोक्याला ताप.

ठाण्यात दोघांना वेगवेगळं बसवलं. मुलगा इथल्या खास इंग्रजीत म्हणाला, “एव्हरी डे आय गो लाह, ऑफिसर. फीड द फिश, क्लीन द नेट.” बापाचा जबाबही शब्दाला शब्द तोच. जबाब इतके जुळले की मला उलट संशय येतो.

दुसऱ्या दिवशी दोघांना घेऊन बोटीने तराफ्यावर गेलो. मला बोट लागते, त्यामुळे मी वैतागलेलाच होतो. तिथे दोन बांगलादेशी कामगार जाळी धूत होते. मुलाला म्हटलं, रोजचं काम करून दाखव. त्याने खाद्याची बादली उचलली आणि अख्खी पाण्यात ओतली.

“अरे, काय करतोस!” बाप ओरडला. “मूठमूठ टाक! मासे वर येतात तोवरच टाकायचं. तळाला गेलं की कुजतं ते. कधी हात लावला असतास तर...”

आणि ते थांबले.

ते तिथेच फळीवर बसले आणि सगळं सांगितलं. हॉटेलं बंद, मासे विकले जाईनात, पण त्यांना खायला तर घालावंच लागे. दोन्ही कामगार परदेशी, म्हणून त्यांच्यासाठी मदत नाही. त्यांना काढायला जीव होईना, म्हणून त्यांच्या पगारासाठी मुलाचं नाव लावलं.

“साहेब, सगळं माझ्यावर घाला,” त्यांनी हात जोडले. “त्याला यातलं काही माहीत नाही. ठाण्यात मी पढवलं तसं बोलला तो. आत्ताच नोकरी लागलीय हो त्याला.”

मुलाने नुसती मान डोलावली असती तरी तो सुटला असता. मी थांबलो. तोवर मराठीचा एक शब्दही न बोललेला तो मुलगा म्हणाला, “नाही बाबा. मला माहीत होतं. कामगार म्हणून कागदावर सही मीच केली.”

“गप्प बस!”

“नाही बसणार. तुम्ही एकटे नाही जाणार कोर्टात.”

बाप ओंजळीत तोंड लपवून रडला.

पुढे बापाला दंड झाला, पैसे परत करावे लागले, तराफा दुसऱ्याने घेतला. मुलगा ताकीद मिळून सुटला, पण नवी नोकरी गेली. कारवाई योग्यच होती, खोटं ते खोटंच. तरी त्या बापाबद्दल मला वाईट वाटलं, आणि त्या परक्या पोराचा अभिमान वाटला.

संशयिताला बोलतं कसं करायचं, हे मला खात्याने शिकवलं. दोन माणसं एकमेकांशी खरं बोलू लागली की पोलिसाने मध्ये पडायचं नसतं, हे मी त्या तराफ्यावर शिकलो.