सरपंचांचे रोडगे

आमच्या गावात निवडणूक म्हणजे जेवण. हे मी थट्टेने म्हणत नाही. बार्शीटाकळी तालुक्यातलं आमचं छोटं गाव, आणि वीस-पंचवीस वर्षं सरपंच एकच. मध्ये एकदा जागा बाईसाठी राखीव निघाली, तेव्हा त्यांची सून सरपंच झाली. खुर्चीवर ती बसायची आणि बोलायचे सासरे. पण मतदान म्हणून जे असतं ते सरपंचपदासाठी गावाने कधी केलंच नव्हतं. अर्ज भरायच्या आधी सरपंचांच्या मळ्यात, मारुतीपाशी, रोडग्यांची पंगत बसायची. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे जाड रोडगे, वरून तूप, सोबत वांग्याची झणझणीत भाजी. ज्याने खाल्लं त्याने शब्द दिला, असा रिवाज. मग दुसरा अर्जच यायचा नाही आणि पेपरात गावाच्या एकीचं कौतुक छापून यायचं.

जेवणं उरकली की सरपंच उष्ट्या पत्रावळी मोजायला लावत. एक पत्रावळ म्हणजे एक घर, आणि त्या घरातली सगळी मतं आपली. त्यांचा हा अंदाज पक्का होता. बायकांची पंगत मात्र शेवटची. तोवर पत्रावळी संपलेल्या असत, म्हणून आम्ही घरूनच ताटल्या घेऊन जायचो आणि उरलंसुरलं खायचो. म्हणजे त्या मोजणीत आम्ही नव्हतोच. हे माझ्या लक्षात यायला इतकी वर्षं लागली याची मला आजही लाज वाटते.

मी शिवणकाम करते. शिलाई मशीनच्या एका योजनेसाठी मला रहिवासी दाखला हवा होता. ग्रामपंचायतीची इमारत गळते म्हणून शिक्का आणि रजिस्टर सरपंचांच्या ओसरीवर. पहिल्या दिवशी ते जेवत होते, दुसऱ्या दिवशी झोपले होते. तिसऱ्या दिवशी समोर बसून पेपर वाचत होते आणि मी अंगणात उभी. तासाभराने मान वर करून म्हणाले, "उद्या या." मी हो म्हटलं आणि घरी आले. त्याच दिवशी ठरवलं की यंदा अर्ज भरायचा.

चूक एवढीच झाली की घरात सांगितलं नाही. आमचे हे स्वभावाने फार सरळ. इतके सरळ की वैताग येतो. बाजारात दोन वांगी जास्त आली तर परत द्यायला जातील. त्यांनी आदल्याच दिवशी पंगतीत बसून पोटभर खाल्लं होतं आणि मी तहसीलमध्ये अर्ज भरून आले.

"मले आधी सांगाचं होतं," ते म्हणाले. "पाच रोडगे खाल्ले मी त्यायचे. आता कसा फिरू?"

"आन् तीस वर्सं माह्या हातचं खाऊन राहिले, त्याचं काय?"

ते चप्पल घालून वावरात गेले.

माघारीच्या दिवशी सकाळी सरपंच स्वतः आमच्या दारात. आवाज अगदी मायेचा. "वयनी, हौस झाली असन त अर्ज मांगं घ्या. तुमच्या घरचीच पत्रावळ माह्याकडं पडेल हाय." आमचे हे खाली बघत उभे होते. मला तेव्हा निवडणुकीची भीती वाटली नाही. भीती वाटली ती आमच्या ह्यांच्या सरळपणाची. मुली लग्न होऊन गेलेल्या, घरात मतं दोनच. त्यातलं एक सरपंचांना गेलं तर मी निवडून येऊनही पडलेलीच.

प्रचाराला मी कुठे गेलेच नाही. ब्लाउजचं माप घेते त्या खोलीला पडदा आहे आणि त्या पडद्याआड पुरुष येत नाही. येईल तिला मी अंगणातली गोष्ट सांगायचे. प्रत्येकीकडे तिची स्वतःची अंगणातली गोष्ट निघायची. मत देते असं कोणी म्हटलं नाही. फक्त एक म्हातारी हात वर करून माप देता देता म्हणाली, "आमी कुठं त्यायच्या पत्रावळीवर जेवलो व? आमी त कोणाले शब्द देल्लाच नाई."

मतदानाच्या दिवशी हे माझ्या आधी आत गेले आणि बाहेर आल्यावर माझ्याकडे न बघता घराकडे चालू लागले. मी विचारलं नाही. मोजणीपर्यंत आमच्यात मीठ दे, पाणी दे, याच्यापलीकडे बोलणं झालं नाही. मला उत्तर ऐकायचंच नव्हतं.

मोजणी तालुक्याला. मी चार मतांनी निवडून आले. साहेबांनी आकडे वाचले आणि शेवटी म्हणाले, "नोटा, एक." सगळे हसले. साऱ्या गावात एकाच माणसाने दोघांनाही नाकारलं होतं. कोण असेल म्हणून लोक एकमेकांकडे बघत होते. मी मागे वळून पाहिलं तर आमचे हे शर्टाचं बटण चाचपत उभे होते, कान लाल झालेले.

बाहेर कडुलिंबाखाली मी त्यांना गाठलं.

"त्यायले देल्लं असतं त तुह्या तोंडाकडं पाहाची सोय नव्हती," ते म्हणाले. "तुले देल्लं असतं त शब्द मोडत होता. मले दोनीबी जमलं नाई."

मला वाटलं होतं, ह्यांचं मत मला मिळालं नाही असं कळलं की मी भांडेन. पण मी खालीच बसले. दिलेल्या शब्दासाठी जन्मभर झिजलेला हा माणूस, आणि तोच माझ्यासाठी अर्धा का होईना, शब्दावरून फिरला होता. जिंकल्याचा आनंद मला घरी गेल्यावर, बायका गुलाल घेऊन आल्या तेव्हा झाला. त्या झाडाखाली मला हायसं वाटलं ते वेगळ्याच गोष्टीने. सरपंचांना पडलेल्या मतांत माझ्या घरचं एकही नव्हतं.