धबधबा सर गप्प राहिले तो तास

विद्यापीठाच्या मेकॅनिकल विभागात त्यांना सगळे धबधबा सर म्हणत. समोर नुसतं सर, आणि पाठ वळली की धबधबा. विषय फ्लुइड मेकॅनिक्स, म्हणजे पाणी, तेल, हवा असल्या वाहत्या गोष्टींचं शास्त्र. आणि बोलणं असं, की एकदा सुरू झालं की मध्ये बोट घालायला फट सापडू नये. तेव्हा हे नाव कुणी ठेवलं नसावं, आपोआपच पडलं असावं. सरांना ते माहीत होतं. इतकंच नव्हे, आतून आवडतही होतं.

खरी गंमत अशी की हा माणूस लहानपणी बोलायचाच नाही. म्हणजे त्याला बोलताच यायचं नाही. शब्दाचं पहिलं अक्षर जिभेवर येऊन अडून बसायचं. वडील भाजीबाजारात लिलाव पुकारायचे, त्यांचा आवाज बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा, आणि पोराला स्वतःचं नाव सांगताना घाम फुटायचा. शाळेत वाचनाचा तास आला की याच्या पोटात हमखास दुखायचं. शेवटी मामाने तोड काढली. मामा पाणीपुरवठ्याच्या पंपघरात ऑपरेटर होता आणि पंप सुरू असताना तिथे शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नसे. एकदा पंप बंद असताना मामा म्हणाला, "रोज इथे येऊन बस. हवं ते बोल, हवं तेवढं अडखळ. मलाच ऐकू येणार नाही, तर हसणार कोण?"

पोरगा रोज संध्याकाळी पंपघरात जाऊन पुस्तकातले धडे पाण्याला ऐकवू लागला. कधीतरी जीभ सुटली, आणि सुटली ती सुटलीच. पाणी आणि बोलणं ही दोन्ही प्रेमं त्याला एकाच खोलीत भेटली, आणि त्याने दोघांशीही संसार मांडला. पुढे इंजिनियर झाल्यावर कारखान्यातली चांगली नोकरी चालून आली होती. ती त्याने घेतली नाही, कारण कारखान्यात मुलाखतीला गेला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की इथे कुणी पाच मिनिटंसुद्धा सलग बोलू देत नाही.

तर असे सर. त्यांच्या सगळ्या तासांत एक तास गाजलेला होता. पाइप रुंद असतो, मध्येच अरुंद होतो आणि पुन्हा रुंद होतो. अशा पाइपातून पाणी जाताना त्याचं काय होतं, हा त्या तासाचा विषय. सर पाच-सहा धडधाकट मुलांना पुढे बोलावत, दोन बाकं जवळ ओढून त्यांच्यामधून जायला सांगत आणि म्हणत, "समजा सिनेमा सुटला. दार एक. बाहेर पाऊस. निघा." मुलं एकमेकांत अडकत, कुणाचा चष्मा कुणाच्या कोपरात जाई, सर मागून ढकलत आणि वर्ग हसून बेजार होई. मग सर फळ्यावर झरझर समीकरण मांडत, तेवढ्यात घंटा होई आणि टाळ्या पडत. दुसऱ्या विभागांतली मुलं हा तास बघायला यायची आणि खिडकीत उभी राहायची.

त्या वर्षी विभागात एक नवी मॅडम रुजू झाली. तिच्या संशोधनाचा विषय विचित्र होता: इंजिनियरिंग कसं शिकवलं जातं आणि त्यातलं मुलांच्या डोक्यात किती उतरतं. ती यंत्रांवर नव्हे, वर्गांवर प्रयोग करायची. बहुतेक प्राध्यापकांनी तिला गोड बोलून वाटेला लावलं. वर्गाचं दार लावून घेतलं की आत आपण राजे, तिथे हिशेब मागायला कोण ही? सर मात्र स्वतःहून तिच्या खोलीत गेले.

"माझा अरुंद पाइपचा तास घ्या. असा तास मिळायचा नाही तुम्हाला," ते म्हणाले.

"मी काही शिकवण्याला मार्क देत नाही, सर," मॅडम म्हणाली. "मी फक्त एक प्रश्न विचारणार. तासाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. मुलं चिठ्ठीवर उत्तर देतील, नाव घालणार नाहीत."

"शंभर प्रश्न विचारा."

तिने एकच विचारला. पाइपच्या अरुंद भागात पाण्याचा दाब जास्त असेल, कमी असेल, की तेवढाच? तास नेहमीसारखा रंगला, किंबहुना पाहुणी बसली होती म्हणून जरा जास्तच. टाळ्याही पडल्या. आणि दोन दिवसांनी मॅडम सरांच्या खोलीत आली, ती बराच वेळ खुर्चीवर बसेचना.

"अहो, बोला की," सर म्हणाले.

"उत्तर आहे, दाब कमी होतो."

"ते मला सांगताय?"

"तासाच्या आधी निम्म्याच्या आसपास मुलांनी बरोबर लिहिलं होतं, सर. अंदाजाने का होईना. तासानंतर…" ती थांबली. "तासानंतर त्यांतल्याही बऱ्याच जणांनी उत्तर बदललं. आता बहुतेकांना वाटतं की दाब वाढतो."

सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आधी त्यांनी चिठ्ठ्यांवर संशय घेतला, मग मुलांच्या अकलेवर, मग मोबाइलवर, आणि शेवटी एकूण पिढीवर. मॅडमने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, दारात चेंगरलेल्या माणसाला दाब कमी वाटतो की जास्त?"

त्यावर सरांनी आपल्याला मीटिंग आहे असं सांगितलं. मीटिंग कुठलीच नव्हती.

घरी बायकोपुढे त्यांनी हे सगळं साग्रसंगीत मांडलं. बायको दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात बघून आलेली, तिने शांतपणे ऐकलं. "माझंही असंच असतं," ती म्हणाली. "मी बोलत असते आणि समोरचा आ वासून ऐकत असतो. पण मला निदान माहीत असतं, की त्याला उत्तर देता येत नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. भात वाढू का?"

आठवडाभर सर मॅडमला टाळत जिना बदलून जात होते. मग एका कामासाठी त्यांना डीनकडे जावं लागलं. डीन म्हणजे एकेकाळचा त्यांचाच विद्यार्थी. पहिल्या वर्षानंतर तो कंप्युटरकडे वळला आणि पुढे फार मोठा झाला. चारचौघांत सर त्याला अहो-जाहो करत, दार लागलं की अरे-तुरे. काम झाल्यावर डीन हसत म्हणाला, "सर, तुमचा तो तास अजून आठवतो. मी त्या दारातल्या गर्दीत होतो. माझा चष्मा फुटला होता."

सरांना इतकं बरं वाटलं की विचारू नका. मग, का कोण जाणे, त्यांनी विचारलं, "त्यातून काय शिकलास, ते आठवतं का?"

"न आठवायला काय झालं?" डीनने दोन्ही तळहात जवळ आणून मधल्या हवेला चेंगरून दाखवलं. "जागा अरुंद झाली की दाब वाढतो. आयुष्यात कुठे अडकलो की मी हेच वाक्य आठवतो, सर. परवा दीक्षान्त भाषणातही वापरलं."

सर आपले कागद गोळा करून घाईने उठले. डीनला ते कौतुकाने भारावल्यासारखे वाटले असावेत. बाहेर आल्यावर सर व्हरांड्यातल्या बाकावर बसले. चिठ्ठ्यांवर नाव नव्हतं, तिथे संशयाला जागा होती. इथे तर माणूस चष्म्यासकट समोर होता. आपण इतकी वर्षं दरसाल एक वर्ग हसवून चुकीचं शिकवत आलो, आणि ते चुकीचंच इतकं छान लक्षात राहिलं, की ते भाषणात गेलं. त्यांना हसू आलं आणि लगेच अंगाला घामही फुटला.

तिथून ते सरळ मॅडमच्या खोलीत गेले. "पुढच्या बॅचला काय करायचं ते सांगा," म्हणाले. "गर्दी बंद."

मॅडमची पद्धत साधी होती. आधी प्रश्न विचारायचा आणि मुलांना हात वर करून अंदाज बांधू द्यायचा. मग आपापसात भांडू द्यायचं, पुन्हा हात वर करायला लावायचे, आणि त्यानंतरच प्रयोग दाखवायचा. प्रयोगशाळेत काचेचा एक तसाच पाइप होता. त्याच्यावर उभ्या काचेच्या नळ्या बसवलेल्या होत्या. जिथे दाब जास्त, तिथल्या नळीत पाणी जास्त वर चढतं.

"आणि मी मध्ये काय करायचं?" सरांनी विचारलं.

"काहीच नाही. मुलं भांडत असताना तुम्ही बोलायचं नाही."

"थोडंसुद्धा?"

"थोडंसुद्धा."

सरांनी घरी सराव सुरू केला. जेवताना गप्प बसायचं ठरवलं. पहिल्याच दिवशी बायकोने दवाखान्यातली एक हकिकत सुरू केली आणि चक्क शेवटाला नेली. मग तिने त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, बरं वाटत नाहीये का?" मग कारण कळल्यावर तिने युक्ती सांगितली. पाण्याची बाटली जवळ ठेवायची आणि बोलावंसं वाटलं की एक घोट घ्यायचा. "तोंडात पाणी असलं की माणूस बोलत नाही. हे मला विचारा."

तो तास आला. सरांनी फळ्यावर पाइप काढला, प्रश्न विचारला, हात मोजले. बहुतेकांचा कौल, दाब वाढतो. मग सर म्हणाले, "आता शेजाऱ्याला पटवा," आणि बाजूला उभे राहिले. मॅडम मागच्या कोपऱ्यात टिपणं घेत होती. आधी वर्गात नुसती कुजबुज. सरांनी एक घोट घेतला. एका मुलाने अगदीच भलतं काहीतरी सांगितलं, सरांनी दोन घोट घेतले. दुसऱ्याने त्याला त्याहून भलतं उत्तर दिलं. असं करता करता मोठी बाटली रिकामी झाली, आणि पाण्याने आपला मार्ग शोधायला सुरुवात केली. सरांनी थोडा वेळ कळ काढली, मग मॅडमकडे केविलवाणं बघितलं आणि लगबगीने बाहेर गेले.

परत येताना त्यांना व्हरांड्याच्या टोकापासूनच गलका ऐकू आला. आपण नाही म्हणून पोरं उधळली, असं वाटून ते दाराशी आले आणि थबकले. शेवटच्या बाकावर बसून वर्षभर वहीत चित्रं काढणारी एक मुलगी फळ्याशी उभी होती. एक मुलगा तिला अडवत होता. "पण सीनियर सांगतात, दारातल्या गर्दीसारखं असतं. चेंगरलं की दाब वाढणारच."

"माणसं दारात अडकतात. पाणी अडकतं का?" ती म्हणाली. "ते तर अरुंद भागात जास्त वेगाने जातं. मग मला सांग, त्याचा वेग वाढवला कुणी? मागून ढकलणारा दाब जास्त आणि पुढचा कमी असेल तरच ते पुढे पळेल ना?"

"आणि पलीकडे पाइप पुन्हा रुंद झाला की?"

ती जरा थांबली. तिने फळ्यावरचा बाण पुसला, पुन्हा काढला. "तिथे वेग कमी होतो. म्हणजे समोरचा दाब जास्त, तो त्याला अडवतो."

दाराबाहेर सरांच्या तोंडात तीन सुरेख वाक्यं तयार होती. हेच सगळं त्यांनी कितीतरी चांगल्या मराठीत सांगितलं असतं. बाटली आत टेबलावर राहिली होती. त्यांनी ओठ दाबून धरले आणि तसेच उभे राहिले. आपल्यावाचून वर्गाचं काही अडत नाही, हे बघून त्यांना थोडं लागलं, हे खोटं कशाला सांगा? पण ती मुलगी वाक्यं शोधत, अडत, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत बोलत होती, आणि वर्गात तिला कुणी हसत नव्हतं. ते ऐकण्यासाठी ते आणखी थोडा वेळ बाहेरच थांबले.

मग आत जाऊन त्यांनी एक शब्द न बोलता नळ उघडला. दोन्हीकडच्या नळ्यांत पाणी चढलं, मधल्या नळीत ते खालीच राहिलं. त्यानंतरच्या चिठ्ठ्यांत बहुतेकांचं उत्तर बरोबर आलं. दोघा-तिघांनी मात्र मधली नळी तुंबली असल्याचं लिहिलं होतं.

सरांनी आणि मॅडमने मिळून यावर शोधनिबंध लिहिला. मॅडम प्रामाणिकपणाच्या बाबतीत फार कडक, त्यामुळे 'चर्चेदरम्यान शिक्षक काही काळ वर्गाबाहेर होते' हे वाक्य त्यात राहिलंच. परीक्षकाने निबंध आवडल्याचं कळवलं आणि एक शंका विचारली: शिक्षकाचं बाहेर जाणं हा पद्धतीचा भाग होता का, आणि असल्यास ते किती वेळ असावं? त्याचं उत्तर काय द्यायचं यावर दोघांचा दोन दिवस वाद झाला. अखेर 'शिक्षकाच्या गरजेनुसार' असं लिहून पाठवलं, आणि निबंध छापून आला. परिषदेत तो मांडताना, शिक्षकाने गप्प कसं राहावं या विषयावर सर इतके रंगले की अध्यक्षांना दोनदा घंटा वाजवावी लागली.

पुढच्या वर्षी ती चित्रं काढणारी मुलगी प्रोजेक्टसाठी सरांकडेच आली. एका दुपारी प्रयोगशाळेत तिने मांडलेल्या जोडणीत पाणी उलटं वाहू लागलं. सरांना कारण लगेच दिसलं आणि त्यांनी तोंड उघडलं. "हे बघ, इथे काय होतंय—"

"सर, थांबा ना जरा," ती पाइपवरची नजर न काढता म्हणाली. "मला बघू द्या."

सरांनी स्टूल ओढलं आणि ते बसून राहिले.