वेल्समधली भिंत, क्योतोतला वैताग

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आर्किटेक्ट आहे. भिंत पडली तर पाया, सांधा नाहीतर कंत्राटदार... चौथं कारण मला कुणी शिकवलं नव्हतं.

२०११ च्या भूकंपानंतरची गोष्ट. मी क्योतोत पीएचडी करत होते, विषय वेल्समधला एक पडका मध्ययुगीन किल्ला. (जपानमध्ये बसून ब्रिटनचा किल्ला कशाला, हे सासूबाईंनी विचारून झालंय, तुम्ही नका विचारू!) तिथे जाऊन मी दगड न् दगड मोजला होता. दरवाजाजवळच्या बुरुजाच्या कडेला दगडांचे दाते बाहेर आलेत - पुढची भिंत त्यांत गुंतवता यावी म्हणून गवंडी सोडतात ना, तसे. म्हणजे इथे भिंत होती आणि ती पडली. माझा अख्खा प्रबंध या भिंतीवर. शेवटच्या परीक्षेला त्या भिंतीसकट किल्ल्याचं मॉडेल दाखवायचं होतं. स्कॉलरशिप संपत आलेली. नापास झाले तर गाशा गुंडाळून पुण्याला परत.

मॉडेल झकास झालं. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये जाऊन बघते तर ती भिंत आडवी! मोडलेली नाही, हलक्या हाताने निजवल्यासारखी. बाकी किल्ल्याची एक पायरीसुद्धा हललेली नाही.

"जिशिन," शेजारच्या टेबलावरचा तानाका-सान म्हणाला. म्हणजे भूकंप. त्या काळात चमचा पडला तरी भूकंप! मी फोनवर बघितलं - क्योतोत साधा धक्काही नाही. पुन्हा चिकटवली. जेवून आले, आडवी. गोंद बदलला. आडवी. टाचण्या मारल्या... तर टाचण्या काढून शेजारी ओळीने ठेवलेल्या! मी तानाका-सानवर ओरडले. बिचारा न केलेल्या गुन्ह्याबद्दल वाकून वाकून माफी मागत राहिला. घरी नवऱ्याला, निरंजनला, सांगितलं तर म्हणतो, "पुण्याहून गोंद मागवू का?" डोकंच फिरलं माझं.

परीक्षेच्या दिवशी भिंत पुन्हा चिकटवली आणि मॉडेलपाशी ठाण मांडून बसले. समोर माझे गाइड मोरी-सेन्सेई आणि बाकीचे परीक्षक. मी सुरुवात केली, "ही भिंत पडली तेव्हा -" आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ती सावकाश आडवी झाली. कपातला चहासुद्धा हलला नाही हो!

 मोरी-सेन्सेईंनी शांतपणे विचारलं, "जोशी-सान, ही भिंत नक्की होती का?"

इतक्या दिवसांचा वैताग उसळला. "नव्हतीच!" मी म्हणाले. "बांधलीच नाही मेली!" शेवटचा शब्द मराठीत गेला, नशीब.

आणि बोलल्यावर मग डोळ्यांपुढे आल्या आपल्याकडच्या गच्च्या. वरच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया गंजत राहतात, मजला काही चढत नाही. मी किल्ल्याचे माझेच फोटो स्क्रीनवर मोठे केले. दात्यांच्या खाचांत चुन्याचा कण नाही, खाली पायाची खूण नाही. किल्ला पडका होताच, पण इथे तो अर्धवटही राहिला होता. परीक्षक खुर्च्या ओढून जवळ आले. प्रश्नांवर प्रश्न झाले, आणि मी पास झाले.

भिंत कशी पडत होती? गोंद तपासला, टेबल तपासलं, तानाका-सानची पुन्हा उलटतपासणी घेतली. उत्तर नाही. आजही नाही. कुणी "व्हायब्रेशन" म्हणणार असाल तर आधी त्या टाचण्यांचं सांगा.

संध्याकाळी निरंजन केक घेऊन आला. मी भिंतीला टेकून रडत होते, रागानेच.

"अगं, पास झालीस ना!"

"हो रे," मी म्हटलं. "पण नक्की पास कोण झालं, मी की ती भिंत, ते सांग ना मला."