लिफ्ट सहाव्यापर्यंतच

माहिती नसण्याला इतका घाबरणारा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. लोक पालीला घाबरतात, सासऱ्याला घाबरतात, मुलाच्या निकालाला घाबरतात. आमच्या इंद्रलोक नावाच्या वस्तीतल्या बिल्डिंगमधले पहिल्या मजल्यावरचे काका घाबरायचे ते फक्त न कळलेल्या गोष्टीला. पाणी उशिरा आलं तर पाण्यावाचून नव्हे, ते उशिरा का आलं या विचाराने त्यांचा घसा कोरडा पडायचा. गोडदेवहून भाजी घेऊन येणाऱ्या मावशींना ते मेथी कुठल्या पाण्यावर वाढली हे विचारायचे, आणि "न्हाय म्हायती काका, घ्यायची तर घ्या," असं उत्तर मिळालं की मेथी तिथेच ठेवून फक्त मेथीची काळजी घरी घेऊन यायचे. घोडबंदरला जाताना बस मध्येच थांबली आणि कंडक्टर वैतागून "ड्रायव्हरला विचारा" म्हणाला, तर हे खरंच उठून ड्रायव्हरकडे गेले होते. काकू सांगायच्या, "मला बघायला रत्नागिरीला आले, तेव्हा माझ्यापेक्षा आमच्या विहिरीचीच चौकशी जास्त केली."

अशा माणसाच्या हातात दोन हजार पाच साली सरकारने माहितीचा अधिकार दिला. काकांनी त्या दिवशी बिल्डिंगभर पेढे वाटले. नुसता आपला कायदा वाचून त्यांचं भागलं नाही. त्यांनी जगभरच्या अशा कायद्यांचा इतिहास पाठ केला आणि तो जिन्यात गाठून आम्हाला ऐकवू लागले. स्वीडनने हा कायदा सर्वांत आधी केला, आपल्याकडे पेशवाई होती तेव्हा, हे सांगताना त्यांना गहिवरून यायचं. "पेशवाई रे! आणि तिथला साधा शेतकरी सरकारी कागद बघायला मागू शकत होता. किती शांत झोप लागत असेल त्या लोकांना!" अमेरिकेला त्यानंतर दोनशे वर्षं लागली, याचा त्यांना राग होता. इंग्रजांवर तर त्यांचा विशेष राग. "गुपितांचा कायदा आपल्या गळ्यात बांधून गेले, आणि स्वतःकडे माहितीचा कायदा कधी लागू केला? आपल्याच वर्षी! म्हणजे साहेबाला आणि आपल्याला एकदमच उजाडलं." आम्ही हसायचो. दूधवाल्यालाही स्वीडन कुठे आहे ते कळलं होतं.

आमचं हसू थांबलं ते लिफ्टमुळे. आमची बिल्डिंग सात मजली, आणि लिफ्ट सहाव्यापर्यंतच. बटणंही सहापर्यंतच. सातव्यावर मी आणि माझी बायको सुषमा राहायचो. लालबागची खोली विकून, आई-वडिलांची पुंजी घालून घेतलेलं ते घर. लिफ्टमधून उतरून एक जिना चढायचा, बस. बिल्डर म्हणाला होता, "तेवढाच व्यायाम." आम्हीही तेवढ्यावर समाधान मानलं होतं. एका संध्याकाळी काका माझ्यासोबत वर आले, सहाव्यावर थांबले, बटणांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "सात का नाही रे?" हा प्रश्न मी स्वतःला कधीच विचारला नव्हता, आणि विचारला नव्हता तो मुद्दाम.

आठवड्याभरात काकांनी महापालिकेत अर्ज टाकला: आमच्या इमारतीला किती मजल्यांची मंजुरी आहे, ती फाईल पाहायला मिळावी. बातमी पसरली आणि बिल्डिंगचा धीर सुटला. आजूबाजूला अधूनमधून हातोडे घेऊन पालिकेची माणसं यायची, कुणाची विनापरवाना गॅलरी, कुणाचा मजला पाडून जायची, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. सेक्रेटरीचं खाली फरसाणचं दुकान होतं, त्यांनी गच्चीवर मीटिंग बोलावली. "काका, छोडो ना," ते हात जोडून म्हणाले, "सब बराबर चल रहा है. पूछने का क्या काम है?" काकांचा चेहरा पडला. "अहो, पण माहीत नसताना तुम्ही जेवता कसे?" त्यांनी खरोखरच काळजीने विचारलं. त्या दिवसांत रस्त्यावर एखादा डंपर जरी वाजला तरी सुषमा हातातलं काम टाकून खिडकीशी जायची. माझं जेवण अर्ध्यावर आलं होतं. काकांवर रागवावं, तर तेच रोज येता-जाता विचारायचे, "जेवलास ना?"

फाईल पाहायला बोलावणं आलं तेव्हा सोसायटीने मला त्यांच्याबरोबर धाडलं, लक्ष ठेवायला. कचेरीतल्या कारकुनाने फाईल टेबलावर ठेवली. धूळ झटकली, काकांसाठी खुर्ची पुसली आणि म्हणाला, "बघा आरामात." काकांनी चष्मा लावला, फाईलला नमस्कार केला आणि तिची नाडी सोडली. मला तिथे बसवेना. पाणी पिऊन येतो म्हणून मी बाहेर व्हरांड्यात गेलो तो तिथेच उभा राहिलो. थोड्या वेळाने काका बाहेर आले. "चल," एवढंच म्हणाले. घरी आल्यावर लोक गोळा झाले, तर म्हणाले, "ज्याला हवी असेल त्याने अर्ज करावा. कायदा मागेल त्यालाच माहिती देतो." कुणीही मागितली नाही.

त्यानंतर काका रोज संध्याकाळी आमच्याकडे येऊ लागले. सहाव्यावर उतरायचे, गुडघा धरून जिना चढायचे, चहा घ्यायचे, भिंतीवरून हात फिरवायचे, "सगळं ठीक ना?" म्हणून परत जायचे. त्यांचा चेहरा वाचून मला वाटायचं, यांना सगळं माहीत आहे, आणि ते वाईटच आहे. स्वीडनचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. याच धास्तीत तीन-चार वर्षं गेली. हातोडेवाले आमच्याकडे आले नाहीत, पण ते येणार नाहीत असं कुणी सांगितलंही नाही.

मग काका-काकूंनी रत्नागिरीला, काकूंच्या माहेरगावी, कायमचं राहायला जायचं ठरवलं. निघायच्या दिवशी ते वर आले. चहा झाला, आणि मला राहवेना. "काका, त्या फायलीत काय होतं?"

त्यांनी कप खाली ठेवला. "पाहिलं नाही रे."

"म्हणजे?"

"पहिलं पान उलटलं. दुसरं उलटणार, तर तू दारातून दिसलास. पाण्याचा ग्लास हातात, आणि पीत नव्हतास. म्हटलं, राहू दे. बांधून टाकली फाईल."

"आणि मग रोज वर येत होतात ते?"

"माहीत नव्हतं ना," ते म्हणाले. "काळजी वाटायची. भिंत उभी आहे हे बघून गेलो की जेवण जायचं." मग थोडं हसले. "स्वीडनपासून सगळ्यांच्या कायद्यात कुठली माहिती देऊ नये याचं एक अपवादाचं कलम असतं. मला ती सरकारची पळवाट वाटायची. माझ्या कायद्यात तो अपवाद तूच निघालास."

सुषमाने त्यांना वाकून नमस्कार केला. मी सोबत येतो म्हटलं, तर नको म्हणाले आणि कठडा धरून जिना उतरले. सहाव्यावर लिफ्टचं दार लागल्याचा आवाज मी दारात उभा राहून ऐकला.

आम्ही अजून सातव्यावरच आहोत. मंजुरीचं मी आजवर विचारलेलं नाही. पण संध्याकाळी चहा ठेवला की कान जिन्याकडे जातो, आणि आमच्यासाठी घाबरणारं आता खाली कुणी नाही हे आठवतं.