नेबर, शंभर वेळा

माझा धाकटा भाऊ लालासाहेब म्हंजे रिटायर हवालदार. इस्लामपुराजवळच्या आमच्या गावात लोक त्याला अजून वाकून रामराम घालत्यात. घालू देत. मला त्याच्या पंगतीला बसायची बी शिसारी येती.

पलटणीत इंग्रजीची परीक्षा पास हून त्याला बढती मिळालेली. ती घमेंड घिऊन बाहत्तर साली घरी आला आन् पोरीच्या, बनूच्या, मागं लागला. पहाटं म्हशीची धार काढता काढता ह्यो एक इंग्रजी शब्द इचारायचा, तिनं त्याचा अर्थ इंग्रजीतच सांगायचा. मराठीत सांगितला तर चूक. चुकली की तोच शब्द अर्थासकट शंभर वेळा लिवायचा. पोर तापानं फणफणली तरी सूट न्हाई. चूक ती चूक, म्हणायचा. तीन वर्सांत सात वह्या भरल्या. मला लय कौतुक वाटायचं, खोटं कशाला बोलू.

पंचाहत्तरला साखर कारखान्यातलं एक बडं प्रस्थ, हंबीरराव, पुतण्यासाठी बनूला बघाय आलं. इंग्रजी येणारी सून पायजे म्हणून येताना मराठी अर्थाचं पुस्तक बी आणलेलं. पोहं खाता खाता ते उघडून इचारलं, नेबर म्हंजे काय? बनूनं शिकवल्यापरमानं चटदिशी सांगितलं, अ पर्सन हू लिव्हज निअर यू. हंबीररावाला त्यातलं एक अक्षर कळलं न्हाई. पुस्तकावर बोट ठिवून म्हणाला, हितं तर शेजारी लिवलंय, पोरगी चुकली.

बनूनं बापाकडं बघितलं. त्यानं खरं काय ते सांगावं, एवढंच तिला पायजे व्हतं. आन् आमच्या ह्या वाघानं काय करावं? हात जोडून हसला.

"चुकलीच जी. बाईची जात, ध्यानात ऱ्हात न्हाई."

शी! अंगावर पाल पडल्यागत झालं मला. हंबीरराव खूश झाला आन् तिथंच सुपारी फुटली.

दुसऱ्या दिवशी पहाटं बनूनं कोरी वही बापाम्होरं ठिवली.

"आबा, चूक तुमची. तुमी लिवा."

धार तशीच ऱ्हायली. त्यानं मुकाट्यानं लिवलं, अर्थासकट, शंभर वेळा. बनूनं मोजून घेतलं. पर हंबीररावाच्या दारात जाऊन एकदा सांगायचं काय त्याच्यानं झालं न्हाई, आन् वैशाखात पोर त्याच घरात दिली.